मदत हवी आहे : आयबीएम १४०१ च्या एम्युलेटरवर छपाईतील चिन्हे बदलतात

नमस्कार. १९५९ साली आलेल्या आयबीएम १४०१ या व्यावसायिक संगणकासाठी वडिलांनी लिहिलेला एक प्रोग्राम, त्यांनी जपलेल्या कागदांवरून टाइप करून, मी लॅपटॉपवर सिमएच या एम्युलेटरमध्ये (जुन्या संगणकाची नक्कल करणाऱ्या प्रोग्राममध्ये) चालवत आहे. ८० रकान्यांचे, छिद्रे पाडलेले कार्ड ‘१’ या आज्ञेने वाचले जाते आणि ‘२’ ने ओळ छापली जाते. मात्र कागदावर जिथे डावा कंस आहे, तिथे मला टक्क्याचे चिन्ह मिळते. १४०१ च्या छपाईयंत्रातील साखळ्या (ज्यांवर छापायची अक्षरे व चिन्हे असत) व्यापारी आणि शास्त्रीय अशा दोन प्रकारच्या असत व कार्डावरील त्याच छिद्रांसाठी वेगळी चिन्हे उमटवत, हेच कारण मला संभवते. वडिलांच्या मजकुरातले एक अक्षरही बदलण्याची माझी इच्छा नाही. तेव्हा एम्युलेटरमधील छपाईयंत्रालाच शास्त्रीय साखळी कशी लावावी, हे ज्यांनी स्वतः केले आहे, त्यांनी कृपया नेमकी आज्ञा कळवावी.