नाश्ता केवढा आणि चार वाजताची भूक केवढी? (अनुभव धागा)

धागाकर्ती :
‘सकाळी पोटभर खा, दिवसभर बघायला नको’ आणि ‘सकाळी खाल्लं की अकरालाच पोटात कावळे ओरडतात’, ही दोन्ही वाक्यं एकाच घरात, एकाच ओट्याशी ऐकू येतात. दोन्ही खोटी नाहीत. बोलणाऱ्यांच्या बशीत वेगवेगळं असतं, एवढंच.

म्हणून हा धागा. स्वयंपाकघर, खानावळ, दवाखाना, शेत, कुठूनही आलेलं नेमकं ज्ञान लिहा. कच्च्या जिन्नसाचं वजन, खाण्याची वेळ, पुढची भूक कधी लागते आणि कुठे फसतं, एवढं आलं पाहिजे. ‘एक वाटी’ लिहू नका. आमट्यांच्या वाटीपासून खिरीच्या वाटीपर्यंत सगळ्यांना वाटीच म्हणतात. वजन घटवल्याच्या कहाण्या इथे नकोत, त्यांना दुसरे धागे आहेत.

काटेकोर :
सुरुवात पोह्यांनीच होणार. एका माणसाला जाड पोहे 50 ग्रॅम (कोरडे), तेल 2 छोटे चमचे, शेंगदाणे 15 ग्रॅम, कांदा, कोथिंबीर, लिंबू. हिशेब साधारण 350 कॅलरी आणि प्रथिने 7 ग्रॅम. त्यातली निम्मी प्रथिने शेंगदाण्यांची आहेत, म्हणजे ‘दाणे नकोत, जाडी वाढते’ म्हणून जे दाणे काढतात ते नेमकं धरून ठेवणारं काढतात.

आता भूक लवकर लागते म्हणून बशी दुप्पट केली, तर 700 कॅलरी आणि 14 ग्रॅम प्रथिने. दहा वाजता डोळे मिटायला लागतात आणि जेवणाची वेळ फार तर तासभर पुढे जाते. त्यापेक्षा पोहे 40 ग्रॅमवर आणा, त्यात 50 ग्रॅम मटार घाला आणि शेजारी एक उकडलेलं अंडं (6 ग्रॅम प्रथिने) किंवा 150 ग्रॅम घट्ट दही ठेवा. बशी दिसायला पहिल्याएवढीच राहते. फरक दुपारी कळतो.

उपम्याचंही असंच. 50 ग्रॅम रव्यात प्रथिने साडेपाच ग्रॅमच्या आसपास. फोडणीत चमचाभर उडीद डाळ घालतात ती चवीपुरती, तिच्यावर विसंबू नका.

तर्रीवाले_नागपूरकर :
काटेकोर, तुमच्या हिशेबात आमचे तर्री पोहे धरा की. पुण्याकडचे लोक तर्रीला तिखटाची हौस समजतात. खरं म्हणजे ती हरभऱ्याची उसळ आहे. माणशी 40 ग्रॅम कोरडे काळे हरभरे रात्री भिजवले (8 ते 10 तास), सकाळी कुकरला शिजवले, की पोह्यांवर 7-8 ग्रॅम प्रथिने आणि भरपूर चोथा आयताच येतो. नुसत्या पोह्यांपेक्षा हे पोटात जास्त टिकतं.

फसतं ते दोन ठिकाणी. हरभरे कमी भिजले तर आत कडक राहतात आणि भूक नाही, गॅस होतो. दुसरं म्हणजे वरचा तवंग. टपरीवर पळीभर लाल तेल वर सोडतात; 30 मिली तेल म्हणजे अडीचशे कॅलरी सहज. घरी करताना रस्सा दहा मिनिटं स्थिर ठेवा, तवंग पळीने बाजूला काढा, हवा तर चमचाभर परत घाला. रंगाला तेवढा पुरतो.

प्रयोगवही :
संशोधनात काय सापडलंय ते थोडक्यात. थोडक्यात म्हणतेय, पण जरा लांबणार.

‘मोठा नाश्ता’ या बाजूचा गाजलेला प्रयोग 2013 चा, इस्रायलमधला. लठ्ठ किंवा जास्त वजनाच्या, चयापचयाच्या तक्रारी असलेल्या स्त्रियांचे दोन गट. दोघींना दिवसाला 1400 कॅलरी. एका गटाला नाश्ता 700, दुपारी 500, रात्री 200. दुसऱ्याला नेमकं उलटं. 12 आठवड्यांनी मोठ्या नाश्त्याच्या गटाचं वजन जास्त उतरलं होतं आणि त्यांनी भूकही कमी नोंदवली.

मग 2022 मध्ये स्कॉटलंडमधल्या अ‍ॅबर्डीनला हेच जास्त काटेकोरपणे तपासलं. सगळं अन्न संशोधकांनीच पुरवलं, 30 माणसं, चार चार आठवडे. एका टप्प्यात 45 टक्के कॅलरी सकाळी, दुसऱ्यात 45 टक्के संध्याकाळी. वजन दोन्हीकडे सारखंच उतरलं! पण भूक सकाळी जास्त खाल्ल्यावर कमी होती. हा मुद्दा नीट लक्षात घ्या : मोठ्या नाश्त्याने चरबी जादूने वितळत नाही, दिवसभराची खा-खा कमी होते. ज्याला पथ्य पाळायचंय त्याला तेही थोडं नाही.

उलट बाजू. 2019 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी 13 प्रयोग एकत्र तपासले. नाश्ता करणारे दिवसभरात सरासरी 260 कॅलरी जास्तच खात होते. म्हणजे नाश्ता टाळणारा माणूस दुपारी सगळी भरपाई करतोच असं नाही. मात्र यातले बरेच प्रयोग लहान आणि थोड्या काळाचे होते.

आता मला सगळ्यात कामाचे वाटणारे दोन. एक, अमेरिकेत मिसुरीला 2013 मध्ये नाश्ता टाळणाऱ्या तरुण मुलींना दोन प्रकारचे नाश्ते दिले. दोन्ही 350 कॅलरींचे, पण एकात प्रथिने 13 ग्रॅम, दुसऱ्यात 35. रात्रीचं चटकमटक खाणं 35 वाल्या दिवसांत कमी झालं. आकार तोच, आशय वेगळा. दोन, 2021 चा ब्रिटन-अमेरिकेतला मोठा अभ्यास, हजाराहून जास्त माणसं. नाश्त्यानंतर 2-3 तासांनी ज्यांची साखर मूळ पातळीच्या खाली घसरत होती, त्यांना भूक जास्त लागत होती आणि ते पुढचं जेवण अर्धा तास आधी घेत होते. तोच नाश्ता, पण घसरण माणसागणिक वेगळी. त्यामुळे शेजारणीला चार तास पुरणारा नाश्ता तुम्हाला दोनच तास पुरला तर तुमच्या जिभेला दोष देऊ नका.

डाळभिजवी :
35 ग्रॅम ऐकून घाबरू नका, शाकाहारी घरात 18-20 वर सहज जाता येतं. हिरव्या मुगाचं धिरडं, माणशी प्रमाण :

अख्खे मूग 60 ग्रॅम, 6 ते 8 तास भिजवून. पाणी काढून टाका. एक मिरची, बोटाच्या पेराएवढं आलं, जिरे, मीठ आणि 60-70 मिली ताजं पाणी घालून वाटा. डावातून सलग पडेल, पण पळणार नाही इतपत सैल. तव्यावर पाण्याचा थेंब नाचून उडाला की मगच पीठ घाला. दोन धिरडी, तेल दोन छोटे चमचे. सोबत 150 ग्रॅम दही. हिशेब 370 च्या आसपास कॅलरी, प्रथिने 19 ग्रॅम. वरच्या पोह्यांशी ताडून बघा.

चिकटतं कारण तवा थंड, किंवा पीठ फार पातळ. तुटतं कारण उलटायची घाई. कडा सुटू द्या. तरीही तुटलं तर चमचाभर तांदळाची पिठी घाला. मूग फार बारीक वाटू नका, थोडी रव्याळ कणी राहिली तर चावावं लागतं, खाणं सावकाश होतं.

थालीपिठाची भाजणीही चांगली, पण ती आपल्या डाळी किती घातल्या यावर. बाजारच्या काही भाजण्यांत तांदूळच बोलतो.

पेजवाली :
आमच्या सिंधुदुर्गात न्याहारीला उकड्या तांदळाची पेज. इथे आकार फसवतो. मोठा वाडगा भरून पेज म्हणजे तांदूळ जेमतेम 50 ग्रॅम, बाकी पाणी. पोट ताणतं, म्हणून प्यायल्या प्यायल्या तृप्ती भरपूर, पण पातळ अन्न जठरातून लवकर पुढे सरकतं. ज्यांना नऊ वाजता भाकरी किंवा घावन मिळायचं त्यांना ती बरोबर होती. एकवर जेवायचं असेल तर नुसती पेज पुरणार नाही. पेज घट्ट ठेवा, कणी अख्खी राहू द्या, सोबत कुळथाची पिठी किंवा भाजलेला सुका बांगडा. आंबा-फणसाच्या दिवसांत लोक पेजेसोबत फणसाची भाजी घेतात, तिनेही पोटाला आधार मिळतो.

न्याहारी ही मुळात दिवसाची पहिली मेहनत झाल्यावरची आहे. उठल्या उठल्या नव्हे, शेतात दोन-तीन तास राबून मग. ती भाकरी आणि पिठलं खुर्चीवर बसणाऱ्याने सकाळी सातला तेवढंच खाल्लं तर ते न्याहारीचं माप नाही.

साखरपाहणी :
मधुमेहींसाठी एवढं वाचाच. वरचं संशोधन वाचून उद्यापासून नाश्ता निम्मा किंवा बंद, असं परस्पर करू नका. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड अशी गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल, तर औषधाचं माप खाण्याच्या मापावर ठरलेलं असतं. खाणं घटलं आणि औषध तेच राहिलं तर साखर 70 च्या खाली जाऊ शकते. अकराच्या सुमारास हात थरथरणं, घाम, चिडचिड आणि अचानक लागलेली राक्षसी भूक, ही ‘नाश्ता कमी पडला’ म्हणून सोडून द्यायची भूक नाही. ग्लुकोमीटर असेल तर तपासा, नसेल तर वाट न बघता 3 चमचे साखर पाण्यात घालून घ्या, 15 मिनिटांनी पुन्हा तपासा, सावरल्यावर काहीतरी खा. माणूस शुद्धीत नसेल तर तोंडात काही घालू नका, थेट दवाखाना. सकाळी मिश्र इन्सुलिन घेणाऱ्यांनी नाश्त्याइतकीच दुपारच्या जेवणाची वेळ सांभाळावी, कारण त्याचा एक भाग दुपारी काम करत असतो. नुसती मेटफॉर्मिन असेल तर हा धोका फार कमी, तरी बदल डॉक्टरांना सांगूनच.

खिचडीपंथी :
साबुदाण्यावर कुणी बोललं नाही म्हणून. साबुदाणा 60 ग्रॅम, कूट 25, तूप 2 चमचे, बटाटा 50 ग्रॅम. पावणेपाचशे कॅलरी, प्रथिने 7, आणि तीही जवळजवळ सगळी कुटाची. साबुदाण्यात प्रथिने नाहीतच म्हणा. जड वाटतं आणि तरी चारला काहीतरी शोधायला लागतो आपण. साबुदाणा 40 वर आणा, कूट तेवढंच, सोबत वाडगाभर दही. बटाट्याला मात्र बोल लावू नका : 1995 मध्ये सिडनी विद्यापीठात 38 पदार्थ सारख्या कॅलरींच्या मापाने खायला देऊन तृप्ती मोजली, तेव्हा पांढऱ्या पावाला 100 धरून उकडलेला बटाटा 323 वर, सगळ्यांत वर होता. क्रोसाँ 47 वर, तळाला.

सहा_चाळीसची_लोकल :
बदलापूर-विरारकडच्यांना सकाळी सहाला भूकच नसते. त्यांनी मोठा नाश्ता कोंबू नये. दोन भाग करा : घरी अंडं किंवा मूठभर भिजवलेले शेंगदाणे नि एक केळं, आणि पोचल्यावर साडेनऊला डबा. डब्यात थालीपीठ, धिरडं टिकतं. ते गार झाल्यावरच झाकण लावा, नाहीतर वाफेने लिबलिबीत होतं. दही वेगळ्या डबीत. स्टेशनवरचा वडापाव रोजचा दुसरा भाग होऊ देऊ नका.

काटेकोर :
लोकलवाले, सकाळी भूक नसण्याचं कारण बरेचदा रात्रीच्या साडेदहाच्या ताटात असतं. जेवण आठ-साडेआठवर आणून दहा दिवस बघा, सकाळची भूक आपोआप उघडते. आणि सहाचा चहा-बिस्किटं मोजा की! चार मारी बिस्किटं आणि दोन चमचे साखरेचा चहा, दीडशे कॅलरी झाल्या. भूक मेली, पोट भरलं नाही.

प्रयोगवही :
स्वतःवर मोजायचं असेल तर पद्धत अशी. 14 दिवस, दोन नाश्ते ठरवा, समजा पोहे आणि धिरडं, कॅलरी शक्यतो सारख्या. एक दिवसाआड बदला. 11, 1, 4 आणि 7 वाजता भूक 0 ते 10 लिहा, खायच्या आधी. सोबत दुपारी काय खाल्लं आणि रात्री झोप किती झाली तेही. झोप पाच तासांखाली गेलेला दिवस हिशेबातून गाळा, त्या दिवशी भूक तशीही वाढते. रविवार वेगळा ठेवा. आणि पहिल्या तीन दिवसांवरून निकाल काढू नका. जो रोज अकराला खातो त्याला अकराला भूक लागतेच, ती सवयीची असते आणि हळूहळू सरकते.

धागाकर्ती :
खाली विचारलंय, ‘सगळं केलं तरी चारला भूक लागली तर?’ एकला जेवून चारला भूक लागणं हा नाश्त्याचा दोष नाही, तीन तास झालेत. वहीत दुपारच्या ताटाची ओळ आधी बघा, डाळ-उसळ होती की नुसता भात. चारला भाजलेले फुटाणे 30 ग्रॅम घ्या, 6 ग्रॅमच्या आसपास प्रथिने मिळतात. आधी फुटाणे, मग चहा. उलट क्रमाने घेतले तर चहासोबत बिस्किटाचा पुडा उघडतो आणि फुटाणे डब्यातच राहतात.