टाचण्यांचं पुडकं
घरगुती पत्रांत नुसता जिव्हाळा असतो, व्यवहार नसतो, असं म्हणतात. मला हे अजिबात पटत नाही. पुढे अमेरिकेचा दुसरा राष्ट्राध्यक्ष झालेला जॉन अ‍ॅडम्स आणि त्याची बायको अ‍ॅबिगेल, या दोघांचीच ११०० हून जास्त पत्रं उरली आहेत. जुलै १७७५ मध्ये अ‍ॅबिगेल फिलाडेल्फियाला गेलेल्या जॉनला लिहिते, माझ्यासाठी टाचण्यांचं पुडकं घेऊन ट्रंकेत टाक. पूर्वी साडेसात शिलिंगांना मिळायच्या, आता २० देऊनही मिळत नाहीत. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाची झळ एवढ्याशा टाचणीत दिसते! पुढे तो युरोपातून कापड, रुमाल पाठवायचा आणि ही ते विकून घर चालवायची. त्याला जमीन घ्यायची हौस, हिचा ओढा सरकारी रोख्यांकडे. विरहाची ओळ आणि बाजारभाव, दोन्ही एकाच कागदावर.