हापूसच्या घरातली मिळकत घटतेय: दोष हवामानाचा की आपलाच?

कातळसडा
मे उजाडला की सगळे पेटीचा भाव विचारतात. बागायतदाराच्या हातात त्यातले किती उरले, ते कुणी विचारत नाही. हापूसला मोहोर यायला थंडी लागते आणि ती आता डिसेंबर सरत आला तरी नीट पडत नाही. १ डिसेंबर २०२१ ला तर कोकणाला पावसाने झोडपलं. मोहोर भिजला की करपा, भुरी, तुडतुडे. मग पुन्हा औषध, पुन्हा पंपाचं पेट्रोल, पुन्हा गड्यांची मजुरी. थंडी लांबली तर वेगळीच तऱ्हा: कणी म्हणजे बारीक फळं धरलेल्या फांदीवर दुसरा मोहोर फुटतो आणि झाड पहिली फळं गाळतं. त्यावर ऊन. २०२३ चा फेब्रुवारी कमाल तापमानाच्या सरासरीत देशात १९०१ पासूनचा सर्वात उष्ण ठरला. वाटाण्याएवढी कैरी देठाशी पिवळी पडून खाली येते, तोवर निम्मा खर्च होऊन गेलेला असतो. 'यंदा नुकसान झालं' असं आपण दरवर्षी म्हणतो. ही आता कायमची पगारकपात आहे.

दापोलीचा_मास्तर
हवामान बदललंय, मान्य. बाकी पटलं नाही. हापूस मुळात एक वर्षाआड धरणारा. दरवर्षी हवा, तोही लवकर हवा, म्हणून पावसाळ्यात बुंध्याशी कल्टार, ते मोहोर आणणारं रसायन, कोण ओततं? शेणखत बंद, छाटणी नाही, थ्रिप्सवर तेच तेच औषध मारून कीड निगरगट्ट केली ती कुणी? २०१८ ला भौगोलिक मानांकन मिळालं, तरी बहुतेकांचा माल अजून वाशीच्या बाजारात जातो आणि दलालाची पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशोब, येईल तेव्हा कळतं काय पडलं ते. सगळं आभाळावर ढकललं की आपण मोकळे!

कातळसडा
मास्तर, कल्टार मी घालतो. बँकेचा हप्ता एक वर्षाआड येत नाही. आणि मे २०२१ मध्ये तौक्ते वादळाच्या वाऱ्याने तयार आंब्याचा सडा घातला, तिथे शेणखताने काय झालं असतं?

श्रीवर्धनची_वाडी
आंब्याचं एक साल जातं हो. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं आणि आमच्याकडे सुपारीच्या वाड्या आडव्या झाल्या. नवं रोप लावलं तर सुपारी धरायला सहा-सात वर्षं. पोर पाचवीत होतं ते बारावीत जाईल, तोवर त्या वाडीतून एक पैसा नाही. छाटणी-बिटणीच्या गप्पा नंतर मारू.

भांडुपकर
थोडं कडू बोलतो. कोकणातली किती घरं आंब्यावर चालतात? मोहोर गळला तरी चूल पेटते, कारण मुंबईहून पैसे येतात. माझ्याच घरी तसं आहे. त्यामुळे हवामानाने कोकणी माणूस देशोधडीला लागला वगैरे मला अति वाटतं.

राजापूरची_सुनंदा
तुमच्या घरी येतात, म्हणून. बाग करारावर घेणाऱ्याला मुंबईहून कोण पाठवणार? त्याने मालकाला रक्कम आधीच मोजलेली असते. राखणीला आलेले नेपाळी, पेट्या भरणाऱ्या बायका, झेला (आंबे उतरवायची जाळीची काठी) घेऊन झाडावर चढणारे गडी यांचा तर या चर्चेत उल्लेखच नाही. हंगाम पंधरा दिवसांनी आखडला की बाईची पंधरा दिवसांची हजेरी गेली. तिने कल्टार घातलं नव्हतं, मास्तर.

दापोलीचा_मास्तर
मजुरांचं खरं आहे, ते मी धरलं नव्हतं. पण करारवाल्यांसाठी फळपीक विमा आहे ना? अवेळी पाऊस, जास्त तापमान, वारा, सगळं त्यात येतं.

राजापूरची_सुनंदा
येतं, पण मोजतं महसूल मंडळातलं हवामान केंद्र. ते खाडीकाठी असलं आणि पाऊस वर सड्यावर, कातळाच्या पठारावर पडला, तर कागदावर पाऊसच नाही. शिवाय करारवाल्याला विमा घ्यायचा तर नोंदणीकृत भाडेकरार लागतो. तो करून द्यायला मालक तयार नसतात, उद्या सातबाऱ्यावर कूळ म्हणून नाव लागेल ही धास्ती. इथे जे जे मालक आहेत त्यांनी सांगावं, तुमच्यापैकी कुणी करून दिलाय?