दक्षिण कोकणाला स्वतंत्र बालरुग्णालय हवे का, हे ठरवायचे कसे?

तळकोकणी :
आमचे मंडळ सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीसाठी स्वतंत्र बालरुग्णालय मागणारे निवेदन तयार करीत आहे. अत्यवस्थ मूल आज एक तर गोव्यात बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात न्यावे लागते, नाहीतर घाट चढून कोल्हापूरला, आणि दुखणे गुंतागुंतीचे असेल तर थेट परळच्या वाडिया रुग्णालयात. २०११च्या जनगणनेनुसार दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या मिळून सुमारे २४ लाख ६५ हजार होते. एवढ्यावर मागणी टिकेल का?

आकडेमोड :
टिकणार नाही. त्याच जनगणनेत दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या २००१पेक्षा घटलेली आहे आणि फाइल तपासणारा अधिकारी पहिले बोट तिथेच ठेवील. सुरुवात जन्मांपासून करा. मात्र नोंदणीचा आकडा जसाच्या तसा उचलू नका. मुंबईत नांदणाऱ्या लेकी बाळंतपणाला माहेरी येतात, बाळाची नोंद इथे होते आणि काही महिन्यांत ते मुंबईला जाते. उलट मृत्यू जिथे घडतो तिथेच नोंदला जात असल्यामुळे बांबोळीत दगावलेले सावंतवाडीचे मूल गोव्याच्या नोंदवहीत जाते. त्यामुळे इथल्या दप्तरावरून काढलेला बालमृत्यूदर खऱ्यापेक्षा देखणा दिसण्याचा धोका आहे.

दुसरे असे की, जन्मजात हृदयदोष हजार जन्मांमागे साधारण आठ-नऊ बाळांत आढळतो आणि त्यांतल्याही थोड्यांनाच पहिल्या वर्षात शस्त्रक्रिया लागते. दहा हजार जन्मांमागे एवढेच काम निघत असेल, तर त्यावर शल्यचिकित्सकांच्या चमूचा हात चालता राहत नाही. हृदयशस्त्रक्रियेचा विभाग मागणीतून वगळलेला बरा.

रात्रपाळी :
एका जिल्हा रुग्णालयाच्या नवजात शिशू कक्षात मी परिचारिका होते. तिथल्या रेफर रजिस्टरमध्ये, म्हणजे दुसऱ्या रुग्णालयात पाठवलेल्या बाळांच्या नोंदवहीत, कारणाच्या रकान्यात बहुतेक वेळा ‘पुढील उपचारांसाठी’ एवढेच लिहिलेले असे, त्यामुळे त्यावरून काही निष्कर्ष काढू नका. केसपेपर मागवा आणि बाळ किती वाजता हलवले तेही पाहा. कमी वजन, जंतुसंसर्ग, धाप, यांसाठी मुले बाहेर जात असतील, आणि तीही मुख्यतः रात्री किंवा रविवारी, तर उणीव रुग्णालयाची नसून मनुष्यबळाची आहे. आमच्याकडे व्हेंटिलेटर होता; रात्री तो चालवू शकणारे डॉक्टर मात्र नेहमी नसत.

घाटमाथा :
याच्याशी सहमत आहे. विंचूदंशाचेच घ्या : महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन या औषधाचा उपचार ग्रामीण भागात राहूनच रूढ केला, कारण विष चढलेल्या मुलाला शहर गाठण्याइतकी उसंत नसते. सिंधुदुर्गात ओरोसला आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथे बालकांचा अतिदक्षता विभाग आणि नवजातांना हलवण्यासाठी सुसज्ज रुग्णवाहिका, ही मागणी मला अधिक रास्त वाटते. मात्र दोन जिल्ह्यांची बेरीज करू नका. रत्नागिरीच्या उत्तर टोकाच्या मंडणगड-दापोलीचे कोणी मुलाला घेऊन ओरोसला येणार नाही, त्यांचा ओढा मुंबईकडेच राहील. तेव्हा हिशेब तालुकावार मांडावा लागेल.