मदत हवी आहे: सुपरस्टिशन डोंगरात वडिलांना घेऊन जायचंय

नमस्कार मंडळी. बाबा डिसेंबरात नाशिकहून आमच्याकडे अमेरिकेत, अ‍ॅरिझोनातल्या फिनिक्सला येताहेत. इथल्या सुपरस्टिशन डोंगरातल्या 'लॉस्ट डचमन' या सोन्याच्या हरवलेल्या खाणीची गोष्ट ते माझ्या लहानपणापासून सांगत आलेत. जेकब वॉल्ट्झ (डचमन म्हणतात, पण माणूस जर्मन!) १८९१ मध्ये वारला आणि सोन्याचा ठावठिकाणा त्याच्याबरोबरच गेला, अशी ती गोष्ट. त्याच डोंगरातला वीव्हर्स नीडल हा सुळका एकदा डोळ्यांनी बघायचा, एवढीच बाबांची इच्छा आहे.

पेराल्टा कॅन्यनमधून फ्रीमाँट सॅडल या खिंडीपर्यंत कोणी ज्येष्ठांना नेलंय का? जाऊन-येऊन साधारण सात किलोमीटर, पण चढ आहे, आणि बाबांचे गुडघे आता पूर्वीसारखे नाहीत. माणशी पाणी किती घ्यावं? सकाळी किती वाजता निघावं? अर्ध्या वाटेवरून सुळका दिसतो का?

खोदकाम वगैरे काही करायचं नाही. या संरक्षित रानात १९८४ पासून खाणकामासाठी जमिनीवर नवे हक्क सांगणं बंदच आहे. शिवाय १९३१ मध्ये खाण शोधायला आलेले अ‍ॅडॉल्फ रूथ परतलेच नाहीत, नंतर त्यांची कवटी सापडली. म्हणूनच वाट सोडायची नाही हे पक्कं आहे. स्वतः जाऊन आलेल्यांनी कृपया सांगा.