टाळेबंदीतली घरची सुखं: इंदूरकरांनो, मापासकट सांगा

२५ मार्च २०२० पासून शहर घरात होतं. सराफ्याचा रात्रीचा खाऊबाजार अंधारात, छप्पनच्या खाऊच्या दुकानांना कुलपं. अशा मे महिन्यात घरच्या घरी जे गोड लागलं ते इथे लिहा. फक्त "मजा आली" एवढ्यावर थांबू नका. वाचणाऱ्याला उद्या सकाळी स्वतः करता यावं, असं लिहा. पुढे शहराच्या वेगवेगळ्या भागांतून आलेली ही उत्तरं.

रामबागेतून

वाफेवरचे पोहे घरी जमतात. पाव किलो मध्यम जाड पोहे चाळणीत धुवा, पाणी पूर्ण निथळू द्या, दहा मिनिटं तसेच ठेवा. मग मीठ, दोन चमचे साखर आणि अर्धा चमचा हळद थेट पोह्यांनाच लावा. फोडणी वेगळी: तीन चमचे तेल, मोहरी, हिंग, हिरवी मिरची, अर्धा चमचा बडीशेप, थोडे ठेचलेले धने. कांदा फोडणीत घालायचा नाही, तो वरून कच्चा. फोडणी पोह्यांवर ओतून हलक्या हाताने कालवा आणि चाळणी उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर ठेवा. पाणी चाळणीच्या बुडाला लागता कामा नये, लागलं की तळाचा थर लगदा होतो. झाकणाला पातळ फडकं बांधा. नाहीतर वाफेचे थेंब पोह्यांवर पडून ठिकठिकाणी गोळे होतात. आठ-दहा मिनिटं पुरतात. लिंबू खाली उतरवल्यावरच पिळायचं.

जीरावनशिवाय, म्हणजे वरून भुरभुरायच्या मसाल्याशिवाय, हे पोहे अपुरेच. धने चार चमचे, जिरे आणि बडीशेप दोन-दोन, चार लवंगा, बोटभर दालचिनी, एक मोठी वेलची, दोन तेजपानं. सगळं वेगवेगळं, मंद आचेवर भाजा, कारण धने भाजून होईपर्यंत जिरं करपतं. पूर्ण गार झाल्यावर दळा. मग सुंठ, लाल तिखट, चिमूटभर हिंग, दोन चमचे आमचूर आणि एक चमचा काळं मीठ मिसळा. मसाला गरम असताना मीठ घातलं तर ते ओल धरतं आणि बरणीत खडे होतात. वरून बारीक शेव, कांदा, मिळाले तर डाळिंबाचे दाणे.

लोकमान्य नगरातून

गच्ची असेल तर जूनची तयारी मे महिन्यातच करा. इंदूर कर्कवृत्ताच्या थोडं दक्षिणेला आहे, त्यामुळे वर्षातून दोनदा सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली पायातच नाहीशी होते. आपल्याकडे हे ७ जूनच्या आणि ५ जुलैच्या आसपास घडतं. जुलैत ढग असणार, म्हणून जूनचाच भरवसा धरा. वेळ बाराची नव्हे: भारताचं घड्याळ ८२.५ अंश रेखांशावरच्या वेळेने चालतं आणि आपण ७६ अंशांच्या जवळ, म्हणून जूनमध्ये १२ वाजून २५ मिनिटांच्या सुमारास आणि जुलैत १२:३१च्या.

मीटरभर सरळ नळी घ्या. दोऱ्याला नट बांधून ओळंबा करा आणि नळी दोन बाजूंनी तपासा. तारीख एक-दोन दिवस चुकली तरी सावली काही मिलिमीटरच उरते. वेळेत मात्र चार मिनिटांचा फरक पडला तर ती सुमारे १.६ सेंटिमीटर होते. म्हणून सव्वाबारापासूनच दर दोन मिनिटांनी सावलीच्या टोकावर खडूची खूण करत राहा. उज्जैनच्या वेधशाळेतलं शंकुयंत्रही असंच सावली मोजतं. खडूचा ठिपका नळीच्या बुडाशी सरकत येताना पाहणं फार सुंदर असतं, मुलांना जरूर बोलवा.

मे २०२० मध्ये संध्याकाळी पश्चिमेला शुक्र होताच. एप्रिलच्या सुरुवातीला तो कृत्तिका या तारकापुंजामधून गेला होता. मग साध्या दुर्बिणीतून त्याची चंद्रासारखी कोर दिसत होती. सूर्य पूर्ण मावळल्यावरच दुर्बीण उचला. मेअखेर तो दिसेनासा झाला आणि जूनच्या मध्यापासून पहाटे पूर्वेला आला. २१ जून २०२० ला इथून खंडग्रास सूर्यग्रहण होतं; अशा वेळी सूर्याकडे थेट पाहू नका, कडुनिंबाखाली पानांतून पडणारे उजेडाचे गोल कोरीसारखे झालेले बघा.

राजेंद्र नगरातून

पाखरांसाठी मातीचं पसरट भांडं, पाणी दोन बोटंच. स्टीलचं नको, उन्हात तापतं. सावलीत ठेवा. पाणी रोज बदला आणि आतली कड ब्रशने घासा. डासांची अंडी कडेला चिकटतात, नुसतं पाणी ओतून देऊन निघत नाहीत.

स्नेहलता गंजातून

गायक उस्ताद अमीर खाँ इंदूरचे. त्यांचा विलंबित, म्हणजे संथ लयीतला, ख्याल ऐकायला घेतला की पुष्कळजण पाच मिनिटांत उठतात, कारण सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, कुठे आहे तेच कळत नाही. झूमरा हा ताल मोजायला शिका. १४ मात्रा, ३-४-३-४ असे भाग, सम पहिलीवर, 'खाली' (टाळी न देता हात बाजूला करायची मात्रा) आठवीवर. आधी तबल्याकडे कान द्या: "धिं ऽधा तिरकिट, धिं धिं धागे तिरकिट", मग "तिं ऽता तिरकिट", पुन्हा "धिं धिं धागे तिरकिट". "तिं" आला की आठवी. लय इतकी संथ असते की दोन मात्रांच्या मधे मन भरकटतं; म्हणून प्रत्येक मात्रेचे मनात चार भाग पाडा आणि बोटांच्या पेरांवर फक्त मात्रा धरा. मोबाइलच्या स्पीकरवर डग्गा ऐकू येत नाही, हेडफोन लावा. १४ मात्रांची तीन-चार आवर्तनं नीट धरली की गवई समेकडे कसा वळतो ते आधीच जाणवायला लागतं.