मदत हवी आहे: ११ गाई, घरची चार माणसं, सव्वादोन लाख शिल्लक. पैसा आधी कशात घालावा?

रानवेल:
संगमनेर तालुक्यात घरचा गोठा आहे. ११ संकरित होलस्टिन गाई, त्यात ८ दुधात आणि ३ भाकड-गाभण. शिवाय ४ कालवडी. दोन्ही वेळचं मिळून १०५ लिटर दूध जातं, दर सध्या ३२ रुपये. बागायत ३ एकर, त्यात १ एकर कांदा, बाकी मका आणि घास. कामाला चौघं: सासू-सासरे (दोघंही साठीच्या पुढचे), नवरा आणि मी. सालगडी मिळत नाही. मिळालाच तर वर्षाचे दीड लाख आणि वर धान्य मागतो.

आठवडाभर घड्याळ लावून रोजच्या कामाचे तास लिहिले. वैरण कापणं, वाहणं, कुट्टी करणं साडेचार तास. बादलीने पाणी पाजणं दीड तास. शेण काढणं दोन्ही वेळचं दोन तास. गाई धुणं पाऊण तास. धारा दोन्ही वेळच्या २ तास २० मिनिटं. पेंड भिजवून घालणं एक तास. डेअरीच्या दोन खेपा एक तास. भांडी अर्धा तास. पेंड रोज ६० किलो लागते, ३० रुपये किलोची. औषधपाणी, रेतन, खनिज मिश्रण, वीज मिळून दिवसाला २३० रुपये.

घरात तीन मतं आहेत. धार काढायचं मशीन घ्यावं (दोन बादल्यांचं कोटेशन ६८ हजार), नवा पक्का गोठा बांधावा (४ लाख), किंवा आणखी ५ गाई घ्याव्यात. बँक ५ लाख द्यायला तयार आहे, ५ वर्षं, ११ टक्के. सासऱ्यांचं म्हणणं, गाई वाढवल्याशिवाय मशीन परवडणार नाही. सासूबाईंची बोटं आता धार काढताना आखडतात. नेमकं आधी काय करावं?

माळरान:
ताई, तास लिहून काढलेत हे फार बरं केलंत, त्यामुळे अंदाजाने बोलावं लागत नाही. तुमची बेरीज १३ तास ३५ मिनिटं होते. आता पैसे बघा. १०५ लिटर गुणिले ३२ म्हणजे ३,३६०. पेंडीचे १,८०० आणि वरखर्चाचे २३० गेले की दिवसाला १,३३० उरतात. पण घरची वैरण फुकट नाही. १५ जनावरांना रोज २५० किलो धरली आणि ३ रुपये किलो लावले, तर ७५० जातात. राहिले ५८०. भागिले साडेतेरा तास, म्हणजे एका तासाला ४३ रुपये. शेतमजुरीपेक्षा कमी पडतंय. या हिशोबावर आणखी ५ गाई चढवल्या तर त्याच दराचे तासच वाढतील, म्हणून गाई सध्या नकोच.

कर्जाचंही तसंच. ५ लाखांना ११ टक्क्यांनी ५ वर्षांचा हप्ता महिन्याला १०,८७० च्या आसपास बसतो. दूध दर ४ रुपयांनी उतरला तर तुमचे महिन्याला १२,६०० कमी होतात, म्हणजे हप्त्यापेक्षा जास्त. दर असा पडत नाही म्हणू नका. २०२४ च्या सुरुवातीला दर इतके खाली होते की राज्य सरकारला लिटरमागे ५ रुपये अनुदान द्यावं लागलं होतं. हप्ता दराबरोबर खाली येत नाही, मग तो भरायला आणखी एक गाय घेतली जाते आणि पहाटेचे चार वाजतात.

सर्वांत जास्त तास कुठे जातात? वैरण, पाणी, शेण आणि धुणं मिळून पावणेनऊ तास. धारांचे फक्त २ तास २० मिनिटं. म्हणून पहिला पैसा मुक्तसंचारात, म्हणजे गाई दावणीला न बांधता वाड्यात मोकळ्या सोडायच्या. पक्का गोठा नको. आहे तो गोठा सावलीला ठेवा आणि त्याला लागून ३० बाय ५० फुटांचा मोकळा वाडा करा. १५ जनावरांना प्रत्येकी १०० चौरस फूट मिळतात, ते पुरतात. कालवडी मात्र आडवं कुंपण घालून वेगळ्या. घेर १६० फूट. दर ८ फुटांवर खांब धरले तर २० खांब, त्यावर ५ फुटी जाळी किंवा चार ओळी जुन्या पाइपच्या. काटेरी तार अजिबात नको, सड फाटतात. मुरूम ६ इंच जाड म्हणजे साडेसात ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट), चांगला धुम्मस करून. उतार दर ५० फुटांना एक फूट.

पाण्याचा हौद ८ बाय २ बाय २ फूट, ९०० लिटर बसतात. फ्लोट व्हॉल्व्ह लावा आणि आतून दर पंधरा दिवसांनी चुना मारा, शेवाळ धरत नाही. उन्हाळ्यात दुभती गाय दिवसाला ८० लिटर आणि त्याहूनही जास्त पिते. तीन वेळच्या बादल्यांनी तेवढं पोटात जातच नाही, त्यामुळे हौद झाला की दुधात फरक दिसतो. हे सगळं ७० हजारांच्या आत बसवायचं, मजुरीला घरचे हात धरून. पाणी, शेण, धुणं मिळून सव्वातीन तास वाचतील. गाई रोज धुवायची गरजच राहत नाही, फक्त धारेआधी कास.

आणखी एक. मोकळ्या गाईत माज लगेच कळतो, एकमेकींवर चढतात ते दिसतं. दावणीला मुका माज (लक्षणं ठळक न दिसणारा) निसटतो आणि पुढच्या माजापर्यंतचे २१ दिवस फुकट जातात.

रानवेल:
पावसाळ्यात वाड्याचा चिखल होतो असं ऐकलंय. आणि दोन गाई मारक्या आहेत.

माळरान:
चिखल होतो तो हौदाजवळ आणि गव्हाणीपुढे, कारण गाई तिथेच जास्त उभ्या राहतात. तेवढ्या जागेत ८ फूट रुंदीचा खरबरीत काँक्रीटचा पट्टा करा. गुळगुळीत केलात तर गाय घसरून मांड फाटते. पावसाळ्यात वाड्याचा पृष्ठभाग बिघडू लागला की गाई रात्री जुन्या गोठ्यात घ्या. ओल्यात बसलेल्या गाईला कासदाह (कासेला सूज येणं) आणि खूर सडणं दोन्ही होतं. उन्हाळ्यात आठ-दहा दिवसांनी वरचा थर कुळवाने हलवला की शेण वाळून माती होते, ते दोन-तीन महिन्यांनी उचललं तरी चालतं.

मारक्या गाईंसाठी: सगळ्या एकाच दिवशी, सकाळी, पोट भरल्यावर सोडा. एक-एक करून सोडल्या तर नंतर आलेलीला आधीच्या कोपऱ्यात दाबतात. पहिले चार दिवस कुणीतरी जवळ थांबायचं. गव्हाणीवर प्रत्येकीला अडीच फूट जागा, आणि पेंड खातानाच तेवढी अडकवायची सोय हवी, नाहीतर दांडगी गाय दुसरीची पेंड खाते. विण्याला महिना राहिलेली गाय वेगळी ठेवा.

वैरणकाडी:
माळरान यांच्या क्रमाशी सहमत. दुसरा पैसा मुरघासात घाला, म्हणजे हिरव्या मक्याची कुट्टी हवाबंद दाबून मुरवून ठेवायची. वैरणीच्या साडेचार तासांपैकी तीन तास तिथेच सुटतात.

११ गाईंना १५ किलो आणि ४ कालवडींना ६ किलो धरले तर रोज १९० किलो. सहा महिन्यांना ३४ टन. कणसासकट मका एकरी १५ ते १८ टन भरतो, तेव्हा दोन एकर मका हवा. जूनमध्ये पेरला की सप्टेंबरमध्ये, ८० दिवसांच्या पुढेमागे कापणी येते. पण दिवस मोजून कापू नका. कणीस मधोमध मोडा, शेंड्याकडच्या तुकड्याचा दाणा बघा. वरचा पिवळा कडक भाग आणि खालचा दुधाळ भाग यांच्यातली रेघ दाण्याच्या निम्म्यावर उतरली की झालं. मग थोडी कुट्टी करून मूठ घट्ट आवळा आणि उघडा. बोटांतून पाणी गळलं तर अजून चार-पाच दिवस थांबा. गोळा लगेच फुटून सुटला तर उशीर झालाय, तो माल नीट दाबला जात नाही, आत हवा राहते आणि बुरशी येते. गोळा हळूहळू उकलला आणि हात नुसता ओलसर राहिला की मशीन बोलवा. कुट्टीचे तुकडे एक-दोन सेंटिमीटरचे हवेत.

खड्डा की पिशव्या, याबद्दल स्पष्ट सांगतो. बहुतेक जण ८-१० फूट रुंद खड्डा बांधतात. एका घनफुटात दाबलेला मुरघास साधारण १७ किलो बसतो. ८ फूट रुंद, ५ फूट उंच तोंडातून रोज १९० किलो काढले तर जेमतेम साडेतीन इंच आत जाता. उघडं तोंड रोज निदान ६ इंच आत सरकायला हवं, नाहीतर उन्हाळ्यात ते तापतं, वाफ येते आणि रोजचा वरचा थर टाकावा लागतो. तुमच्या जनावरांना ६ फूट रुंद, ४ फूट उंच तोंड बरोबर बसतं. पण पहिल्या वर्षी बांधकाम करूच नका. आतल्या प्लास्टिकसह १ टनी पिशव्या घ्या, ३४ लागतील. एक पिशवी पाच दिवसांत संपते, बाकीच्या बंदच राहतात. भरताना दर अर्ध्या फुटाला पायाने तुडवायचं, कोपरे आधी. तोंड बांधण्याआधी हवा दाबून काढायची. पिशव्या जमिनीवर टेकवू नका, उंदीर खालून कुरतडतो आणि बाहेरून कळत नाही. भोक दिसलं की त्याच दिवशी चिकटपट्टी.

४५ दिवसांनी उघडा. वास लोणच्यासारखा आंबूस हवा. कुबट, सडका वास आला किंवा काळा-पांढरा बुरशीचा गड्डा दिसला तर तो भाग फेकायचा, गाभण गाईला तर मुळीच नाही. पहिल्या दिवशी गाईला ३ किलो, मग दहा-बारा दिवसांत १५ पर्यंत. एकदम घातलात तर पोट बिघडतं आणि फॅट पडते. थोडा घास आणि दोन-तीन किलो कडबा चालूच ठेवा, रवंथासाठी लांब वैरण लागते.

बी-खत, मशीनभाडं, पिशव्या, मजुरी मिळून ५० ते ६० हजार धरा.

पशुसेवक:
दोघांचं गणित बरोबर आहे, पण मशीन सगळ्यांत शेवटी ठेवायला माझा विरोध आहे. सासूबाईंची बोटं आखडतात हा नुसता त्रास नाही, त्यात दूधही जातंय. पान्हा सुटल्यावर तो पाच-सात मिनिटं टिकतो. बोटं थकून धार आठ-नऊ मिनिटांवर गेली की शेवटचं दूध कासेत राहतं, आणि सर्वांत जास्त फॅट त्याच शेवटच्या दुधात असते. म्हणजे लिटर कमी, फॅट कमी आणि राहिलेल्या दुधामुळे कासदाहाची भीती.

पैशाचं असं जुळवा. सव्वादोन लाखांतून महिन्याच्या पेंडीचे ५४ हजार हात न लावता बाजूला. उरले १ लाख ७१ हजार. वाडा ७०, मुरघास ६०, शिल्लक ४१. दोन बादल्यांना पुरेल असा व्हॅक्यूम पंप घ्या, पण आत्ता एकच बादली. कोटेशन तसं बदलून मागा. दुसरी बादली नंतर जोडता येते, छोटा पंप मात्र नंतर बदलावाच लागतो. मोटर सिंगल फेज, कारण धारेची वेळ आणि शेतीच्या थ्री फेजची वेळ जुळत नाही. वीज गेली तर काय, हे विक्रेत्याला आधीच विचारा. पंपाला पेट्रोल इंजिन जोडायची सोय असेल तर उत्तम.

मशीनने कासदाह होतो असं म्हणतात, तो चुकीच्या वापराने होतो. व्हॅक्यूम ४२ ते ५० किलोपास्कलमध्ये, पल्सेटर (कपातली ओढ थांबवून-चालू करणारा भाग) मिनिटाला ६० ठोके. आधी प्रत्येक सडाच्या तीन-चार धारा काळ्या वाटीत काढून बघा, गाठी दिसल्या तर ती गाय शेवटी आणि हाताने. कास पुसून कोरडी करा, मग एक मिनिटाच्या आत कप लावा. दूध थांबलं की आधी व्हॅक्यूम बंद, मगच कप काढायचे, ओढायचे नाहीत. रिकाम्या सडावर मशीन चालू राहिलं की सडाचं टोक फुगून खरबरीत होतं. नंतर आयोडीनच्या द्रावणाच्या कपात चारही सड बुडवा आणि गाईला अर्धा तास बसू देऊ नका. धारेनंतर लगेच गव्हाणीत वैरण टाकली की ती आपसूक उभी राहते.

कपाच्या आतली रबरी नळी, म्हणजे लायनर, २,५०० धारांनंतर बदला. ८ गाई, दोन वेळा म्हणजे दिवसाला १६ धारा, तुमच्याकडे पाच महिन्यांत तो दिवस येतो. चांगला दिसतो म्हणून वर्षभर ठेवू नका, आतून भेगा पडतात. धुताना पहिलं पाणी कोमट. उकळतं ओतलं तर दुधातलं प्रथिन नळीत चिकटून बसतं. त्यानंतर कडक गरम पाण्यात धुण्याची पावडर.

रानवेल:
म्हणजे कर्ज नकोच? आणि अनुदानाचं काही?

माळरान:
यंत्रासाठी महाडीबीटीवर (राज्य सरकारच्या अनुदानाच्या संकेतस्थळावर) अर्ज करायचा असेल तर आधी अर्ज, निवड, पूर्वसंमती आणि मगच खरेदी. बिलाची तारीख पूर्वसंमतीच्या आधीची असली की अनुदान गेलं. कुट्टी मशीन जुनं असेल तर त्याचा अर्ज आजच टाका, बाकी कामं थांबवू नका. किसान क्रेडिट कार्ड पेंड-औषधासारख्या खेळत्या भांडवलापुरतं वापरा, त्यातून वाडा बांधू नका. ५ लाखांचं कर्ज सध्या नको.

आजपासून बिनपैशाचं एक करता येईल. शेजारच्या दोन घरांशी बोलून डेअरीची खेप पाळीने करा. तीन घरांत रोजचे ४० मिनिटं वाचतात. मात्र प्रत्येकाचं दूध वेगळ्या कॅनमध्ये, फॅटची चिठ्ठी ज्याची त्याला.

सासऱ्यांना गाई वाढवायच्याच आहेत, तर घरच्या ४ कालवडी आहेत की. त्यांना आत्तापासून खनिज मिश्रण आणि दीड किलो पेंड चुकवू नका. वजन अडीचशे किलोच्या पुढे गेलं की भरवा. त्यांच्या विण्यापर्यंत वाडा रुळलेला असेल. पहिलारू कालवडी मशीनला मोठ्या गाईंपेक्षा लवकर सरावतात, फक्त विण्याआधी पंधरा दिवस धारेच्या वेळी मशीनच्या आवाजात उभ्या करा.

पशुसेवक:
आणि सासूबाईंना आजच एक सांगा. अंगठा आत दुमडून धार काढत असतील तर ते थांबवा. त्याने सडालाही इजा होते आणि अंगठ्याचा सांधाही जातो. मशीन येईपर्यंत पूर्ण मुठीने, आणि त्यांच्याकडे हलक्या सडाच्या दोनच गाई.